मऊ गुडघा

बाबांच्या हाताला हात लागला आणि ठिणगी उडाली. चट् असा आवाज झाला, दोघांनीही हात मागे घेतले, चहाचा कप तिच्या दुसऱ्या हातात होता म्हणून वाचला. हवा कोरडी पडली होती. बाबांच्या अंगावर लोकरीची शाल, खुर्चीखाली नायलॉनचा गालिचा, तिच्या पायात रबरी सपाता. ठिणगी उडाली नसती तरच नवल. "अजून करंट आहे म्हणायचा माझ्यात," बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले. तीही हसली. पण त्या हसण्यात, जे सांगायला ती खोलीत आली होती ते वाक्य मागे फिरलं. धाकटा रविवारी येतोय. एवढंच तर सांगायचं होतं. स्वयंपाकघरातून खोलीपर्यंत येताना तिने ते मनात नीट बसवलं होतं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा नाही हेसुद्धा ठरवलं होतं. आता बाबा बोटाचं टोक डोळ्यांजवळ नेऊन निरखत होते, जणू तिथे काहीतरी उमटलं असावं. तिने कप तिपाईवर ठेवला, शाल सारखी केली, कामाला निघते म्हणाली. जिना उतरताना तिचं बोट अजून झिणझिणत होतं. असली झिणझिण क्षणभरापेक्षा जास्त टिकत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार, तरी ती रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत टिकली.

धाकट्या भावाचा फोन आदल्या दिवशी आला होता. "बाबांनी बोलावलंय म्हणालीस ना? मग येतो. रविवारी." त्याच्या आवाजात काहीतरी नवीन होतं, एक प्रकारचा धीर. पण बाबांनी बोलावलं नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले होते, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, "त्या दिवट्याचं काय? आहे का जिवंत?" ते तिने धाकट्यापर्यंत पोचवलं ते असं: बाबा तुझी चौकशी करत होते रे, वाट बघताहेत. आणि त्याआधी केव्हातरी धाकटा फोनवर म्हणाला होता, "म्हातारा वाकला की नाही अजून?" ते तिने बाबांपर्यंत आणलं ते असं: तुमचे गुडघे नीट वाकतात का, विचारत होता. बाबांनी त्यावर आपल्या गुडघ्यांकडे बघितलं होतं आणि म्हणाले होते, "सांग त्याला, डावा वाकतो." डावा वाकतो! हे मात्र तिने जसंच्या तसं सांगितलं होतं आणि धाकट्याला ते काही केल्या कळलं नव्हतं. बसच्या काचेला डोकं टेकून ती हसली, आणि शेजारच्या बाईने पर्स जवळ ओढून घेतली. लोक मीठमिरची लावून सांगतात. ती काढून सांगायची. त्यात तिला कधी खोटेपणा वाटला नव्हता. उलट एक कसब वाटलं होतं, धारेवरून बोट फिरवून कुठे लागेल ते आधीच ओळखण्याचं. इतकी वर्षं ते दोघं एकमेकांशी बोलत होते, तिच्यामधून, सभ्यपणे, आणि ती सभ्यता सगळी तिच्या घरची होती. आता दोघं एका खोलीत बसणार. बाबा एका बाजूला, आपल्याला कधीच न सापडलेला नम्र मुलगा शोधत. धाकटा दुसऱ्या बाजूला, वाट बघणारा बाप शोधत.

कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. पुढे साहेबांची काचेची केबिन, मागे लांबट खोली, तिथे टेबलं, भिंगाचे दिवे, डाखकामाचा धूर आणि राळेचा वास. ते इंटरकॉम बनवत. खाली फाटकापाशी एक पेटी, वर घरात एक पेटी, मधे लांबलचक तार. कोणी बटण दाबलं की वरच्याने विचारायचं कोण, खालच्याने सांगायचं मी. बाकी सगळी हुशारी म्हणजे त्या तारेतून पेटीत शिरू बघणाऱ्या नको त्या गोष्टींना बाहेर ठेवणं, आणि ते काम तिचं होतं. तिला तिथे डायोडबाई म्हणत. तारेच्या बगलेत, जमिनीकडे तोंड करून बसलेला वाळूच्या खड्याएवढा काळा तुकडा, म्हणजे तिचा डायोड. रोजच्या दिवसात त्याने काहीच करायचं नसतं. तारेवरचा दाब मर्यादेत आहे तोवर त्याने नसल्यासारखं असायचं. लांब कुठे वीज कडाडली, लिफ्टची मोटर दचकून सुरू झाली, कोरड्या हवेत कोणी लोकरी बाहीचा हात बटणाला लावला, की तारेतून जी उसळी येते ती त्याने निमिषात अंगावर घ्यायची, जमिनीत सोडायची, आणि परत नसल्यासारखं व्हायचं. हे ती नव्या लोकांना समजावून सांगायची तेव्हा तिचा आवाज हळवा व्हायचा आणि मग तिचा तिलाच राग यायचा.

आज तिच्या टेबलावर परत आलेल्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. नव्या नमुन्याच्या. प्रत्येकीवर चिकटपट्टीने तक्रार लावलेली, आणि शब्द वेगवेगळे असले तरी रडगाणं एकच: आवाज मेलेला येतो. चाचणीच्या टेबलामागून कानसेन उठून आला. गाता गळा नसलेल्या पण सूर बरोबर पकडणाऱ्या माणसाला कानसेन म्हणतात, त्यातला तो. पन्नाशीचा, एका कानात कायम कापूस, दुसरा कान मात्र असा की भिंतीमागचा पंखा कुठल्या पात्यावर डगमगतो ते सांगायचा. "बाई, यातलं काहीच बिघडलेलं नाही," तो म्हणाला, "हेच तर अवघड आहे. तार बरोबर, स्पीकर बरोबर. हळू बोला, स्वच्छ ऐकू येतं. पण कोणी ओरडला की याचा गळाच बसतो."

"ओरडायचं कशाला इंटरकॉमवर?" ती म्हणाली.

"माणसं ओरडतात हो. आनंदानेसुद्धा ओरडतात. ही पट्टी वाचा." त्याने एक पेटी पुढे सरकवली. एका बाईंचा नवरा फाटकापाशी घसरून पडला होता, घोटा मुरगळला होता, बटण दाबून तो जिवाच्या आकांताने ओरडला होता. वर बाईंना वाटलं, नवरा नेहमीच्या सुरात पाव आणू का विचारतोय. त्यांनी आधी कपडे वाळत घातले. "थट्टेची आहे का हो ही तक्रार?" कानसेनने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "नाही. पण वाचून हसू येतं, मग हसू जातं."

त्याने पडद्यावर लाट लावली. आधी तो माइकमध्ये हळू बोलला, एक, दोन, एक, दोन, आणि हिरवी रेघ छान गोल गोल टेकड्यांनी वर गेली, खाली आली. मग तो ओरडला. टेकड्या वाढल्या, आणि जिथे शिखरं यायला हवी होती तिथे सपाट झाल्या. वरून सपाट, खालूनही सपाट. कोणीतरी रंधा मारल्यासारख्या. "आता हसतो," म्हणून तो मोठ्याने हसला, खोटं हसू, तरी सगळ्या टेबलांवरची डोकी वळली. पडद्यावर तीच टेकडी, तसाच माथा. "बघा. बोंब मारली तरी हे आणि हसलो तरी हे." ती पडद्याकडे बघत राहिली. तिने ओळखलं होतं. पट्ट्या वाचतानाच ओळखलं होतं, पण बघेपर्यंत मान्य करायचं नव्हतं. डायोड तिचा होता, तिनेच निवडलेला, निवडताना तिला समाधानही वाटलं होतं. नव्या नमुन्यातली चिप नाजूक, सव्वातीन व्होल्टवर चालणारी, सहाच्या वर गेलं की मेली. मग तिच्या राखणीला जवळातला जवळ, खालच्यातला खालचा डायोड हवा, असं तिने धरलं होतं. आलेख काढला तर डायोडची रेघ बराच वेळ आडवी जाते आणि एका जागी एकदम उभी वळते. त्या वळणाला या धंद्यात गुडघा म्हणतात. माणसाची अक्कल गुडघ्यात असली तर लोक हसतात, डायोडची तिथेच असते, हा कानसेनचा ठेवणीतला विनोद. पाच व्होल्टच्या पुढचे डायोड ताठ गुडघ्याचे असतात, शेवटपर्यंत ढिम्म उभे राहतात आणि वेळ आली की खाडकन वळतात. तीन-साडेतीनचे मऊ गुडघ्याचे. त्यांना वेळ येईपर्यंत थांबवत नाही. उसळी कसली, नुसता आवाज चढला तरी ते वाकायला लागतात, थोडं थोडं जमिनीत सांडत राहतात. ओरडणाऱ्याचा आवाज तारेवर चार व्होल्टपर्यंत जातो, हे तिला माहीत होतं. माहीत असून तिने मऊ गुडघा घेतला होता. हात पोळलेला माणूस जसा थंड भांडंही फडक्याने उचलतो, तसा.

तिच्या लहानपणीच्या घरात दोन खोल्या आणि मधे एक अरुंद बोळ होता. बोळात दिवा नव्हता. बाबा बाहेरच्या खोलीत, धाकटा आणि आई आत, आणि ती बहुतेक वेळ बोळात. बाबांचा आवाज चढायचा तेव्हा कपाटातल्या काचा खरोखर किणकिणायच्या. हे ती वाढवून सांगत नव्हती, तिने कानसेनला एकदा विचारलंही होतं, तो म्हणाला होता, होऊ शकतं. बाबा कोणाला मारत नसत. फक्त ओरडत. चप्पल सापडली नाही म्हणून ओरडत, सापडली म्हणूनही. धाकटा त्यांचाच अवतार. मिसरूड फुटायच्या आत तो बापाच्या सुरात सूर मिळवून ओरडायला लागला, आणि मग दोन्ही खोल्यांमधून तोफा सुटत आणि मधल्या बोळात ती कानांवर हात ठेवून उभी. "जा गं, त्यांना सांग जेवायला या म्हणून," आई म्हणायची. "आणि तो काय म्हणाला ते नको सांगू. मीठमिरची काढून सांग." ती जाऊन सांगायची, बाबा, धाकटा म्हणतो तुमच्याबरोबरच जेवणार. धाकटा असलं काहीही म्हणालेला नसायचा. पण दोघं जेवायला बसायचे, मान खाली घालून, आणि थोड्या वेळाने बाबा त्याच्या ताटात काहीतरी वाढायचे. तिला वाटायचं, हे आपण केलं. कित्येक वर्षं वाटलं. आता टेबलापाशी बसून, हिरव्या सपाट टेकड्या बघताना, तिला पहिल्यांदा शंका आली की ती बोळात नसती तरी ते जेवायला बसलेच असते. ओरडून झालं की त्यांना भूक लागायची, इतकं ते साधं असेल. आणि आईसुद्धा, आता वाटतं, बोळातल्या पोरीला काहीतरी काम असावं म्हणून पाठवत असेल.

"वर काय असतं हो?" तिने कानसेनला विचारलं.

"कशाच्या वर?"

"हे जे कापलं जातं. माथ्यावर."

कानसेनने कानातला कापूस काढला, बघितला, परत घातला. "सगळंच असतं. राग असतो, आनंद असतो. तुमचा डायोड काय विचारून कापतोय का? उंच दिसलं की काप." मग त्याला वाटलं असावं की आपण फार लागेल असं बोललो. "तुमचं चुकलं असं नाही बाई. चिप एकही मेली नाही. एकही नाही." तो आपल्या टेबलाकडे गेला.

चिप एकही मेली नाही. आई गेली त्या दिवशी धाकटा समुद्रात होता, मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात. जहाजावर फोन लागायला वेळ लागला, आणि लागला तेव्हा प्रत्येक वाक्यानंतर एक पोकळ थांबा यायचा, विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघावी तसा. बाबा आतल्या खोलीत आईच्या पायाशी बसले होते. "त्याला सांग," ते घरात जमलेल्या माणसांदेखत ओरडले होते, "त्याला सांग, आता आलास तर तोंड बघणार नाही! जिवंतपणी आला नाहीस, आता काय राख बघायला येतोस?" फोन तिच्या कानाला होता. तिने हाताने फोन झाकला होता. मग हात काढून ती म्हणाली होती, बाबा म्हणतात घाई करू नकोस, जपून राहा. पोकळ थांबा. मग पलीकडून धाकटा ओरडायला लागला. काय ओरडला होता तो? सुरुवात तिला आठवत होती: तुम्ही मला आधी का कळवलं नाही, तुम्ही लोकांनी मला परकं केलंत, त्या म्हाताऱ्याला सांग. शेवट आठवत होता: ठेव फोन. मधलं आठवेना. मधे बरंच काही होतं, उंच सुरातलं, खरखरीने भरलेलं, आणि ते ऐकतानाच तिचे कान मिटत गेले होते, कारण बाबांपर्यंत काय न्यायचं ते तिने आधीच ठरवून टाकलं होतं. ती आत जाऊन म्हणाली होती, तो फार खचलाय बाबा. बाबांनी मान हलवली होती. पुढच्या बंदराला जहाज लागलं तेव्हा धाकटा उतरून आला नाही. घाई करू नकोस म्हणाले होते ना. "आता तोंड बघणार नाही" हे ऐकलं असतं तर तो पेटून उठला असता, मिळेल त्या विमानाने येऊन दारात उभा राहून म्हणाला असता, बघा, कसं बघत नाही बघू. तिला आपल्या भावाचं हे इतकं नक्की माहीत होतं की तिने डोळे मिटून घेतले. डाखकामाचा धूर डोळ्यांत गेला असं तिने पलीकडच्या मुलीला सांगितलं.

दुपार तिने नवा डायोड निवडण्यात घालवली. पाच व्होल्टचा, ताठ गुडघ्याचा, दोन्ही बाजूंना वळणारा, कारण आवाजाची लाट वर जाते तशी खालीही जाते. पण त्यात धोका होता. तो पाचपर्यंत हलणार नाही, आणि मोठी उसळी आली की अडवता अडवता आठपर्यंत जाऊ देईल. तेवढ्यात चिप खलास. राखणदार आणि चिप यांच्यामधे एक छोटा रोधक, म्हणजे रेझिस्टर, टाकला, म्हणजे उरलेली उसळी दमून पोचेल, असा हिशेब तिने मांडला. हिशेब कागदावर बरोबर येतो. मग ती ठिणगीची बंदूक घेऊन बसली. हे यंत्र खरंच बंदुकीसारखं दिसतं, टोक पेटीच्या बटणाला लावून घोडा ओढायचा की हजारो व्होल्टची निळी ठिणगी चट् करून उडते. पहिल्या पेटीची चिप मेली. साहेब काचेतून बघत होते. तिने रोधक बदलला, परत घोडा ओढला. दिवा लागलेलाच राहिला. परत. परत. प्रत्येक चट्ला तिचं बोट आपोआप तळव्यात मिटत होतं. मग कानसेन आला, माइकमध्ये ओरडला, आणि पडद्यावर शिखरं आली, उंच, वेडीवाकडी, एकासारखी एक नसलेली. ती बघून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला भीती वाटली. नवा डायोड बसवलेली सर्किटची एक पट्टी तिने पिशवीत टाकली. घरी त्याच नमुन्याची पेटी होती, तिनेच चाचणीसाठी लावलेली.

घरी गेल्यावर तिने सांगितलं. बाबा खुर्चीत, पाय स्टुलावर. "धाकटा रविवारी येतोय." सांगितलं एकदाचं. बाबांनी चष्मा काढला. "कशाला?" ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात आवाज वर निघालाच होता, तिला तो पायऱ्या चढताना ऐकू आला, आणि काही विचार करायच्या आत तिचं तोंड बोलून गेलं: "चुकलं म्हणतोय, बाबा. माफी मागायची म्हणतोय." आवाज तिथेच उतरला. बाबांनी चष्मा परत घातला. "मागू दे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की तिला बघवेना: लहान मुलासारखं समाधान. तिने आत जाऊन नळ सोडला आणि तशीच उभी राहिली. मग धाकट्याला फोन लावला, खरं काय ते सांगायचं म्हणून. "काय गं ताई? सांगितलंस? काय म्हणाले?" तो म्हणाला, एका दमात. ती म्हणाली, "खूश झाले." हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त वाईट होतं. फोन ठेवल्यावर तिला आपलीच शिसारी आली. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं तिने पाहिली होती, पण बोळात उभं राहून दोन घरं चालवणारी ती एकटीच. पुढचे दिवस ती दोघांशीही या विषयावर बोललीच नाही. कामावरून यायची, बाबांची औषधं द्यायची, दार ओढून घ्यायची. शनिवारी दुपारी तिने पेटी उघडून मऊ गुडघ्याची पट्टी काढली आणि ताठ गुडघ्याची बसवली. "काय बिघडलंय?" बाबांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "आवाज नीट यावा म्हणून." हे तिचं त्या आठवड्यातलं एकमेव सरळ वाक्य होतं.

रविवारी बाबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि खुर्ची ओढत ओढत पेटीपाशी नेली. ती म्हणाली, मी घेईन बाबा. ते म्हणाले, तुझे हात ओले असतात. तिचे हात खरंच ओले होते. ती सकाळपासून धुतलेलीच भांडी धूत होती. पेटी वाजली तेव्हा तिच्या हातातून पेला निसटला आणि फुटला नाही, नुसता गडगडत गेला.

"कोण?" बाबा म्हणाले.

"मी."

शब्द एक, पण तो पूर्ण आला. जहाजांवर पिकलेला, थोडा घोगरा, त्याच्या सगळ्या उंचीसकट. ती बोळात आली. या घरालाही बोळ होता, याचं तिला आत्ता नवल वाटलं.

"मी म्हणजे? या घरात मी म्हणणारा मी एकटाच आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, दार उघडा."

"आधी बोल. काय बोलायला आलास ते बोल."

"काय बोलू? तुम्ही बोलावलंत म्हणून आलो."

"मी?" बाबांचा आवाज चढला. "मी बोलावलं? माफी मागायला येतोय म्हणालास तू!"

"कसली माफी? मी माफी मागू? आई गेली तेव्हा घाई करू नकोस, जपून राहा, असं तुम्ही म्हणालात! स्वतःच्या बायकोच्या मयताला मुलाने घाई करू नये?"

"जपून राहा?" बाबा खुर्चीतून उठले, कसे उठले त्यांनाच ठाऊक. "मी असलं मिळमिळीत बोलतो का रे कधी? तुझं तोंड बघणार नाही म्हणालो होतो मी! तोंड बघणार नाही!"

पेटी थरथरत होती. तिने हात पुढे केला होता, बटण बंद करायला एक पाऊल उरलं होतं, आणि ती थांबली. शिखरामागून शिखर येत होतं, खालून वर, वरून खाली, आणि काहीच जळलं नाही. मग पेटीतून नुसता श्वास आला. मग धाकटा म्हणाला, "असं म्हणाला होतात?" आणि त्यात, तिला शपथेवर सांगता आलं असतं, सुटका होती. बाबांनी दाराचं बटण दाबलं.

तो वर आला. केस विरळ झालेले, भुवया बाबांच्या. बूट न काढता उंबऱ्यात उभा राहिला. बाबा भिंतीला धरून उभे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग, ठरवल्यासारखं, दोघांनी तिच्याकडे.

"लोक 'ध'चा 'मा' करतात, ताई," धाकटा म्हणाला. "तू 'मा'चा 'ध' करत बसलीस. सगळी वर्षं."

"मला वाटलं..." ती म्हणायला लागली.

"बाकी राहू दे. मला एकच विचारायचंय." तो बाबांकडे वळला. "त्या दिवशी फोनवर मी हिला म्हणालो होतो, बाबांना सांग, माझ्या वाटचा हात तिच्या कपाळावर ठेवा. नेण्याआधी. मी ओरडून ओरडून म्हणालो होतो, तार खरखरत होती म्हणून. ठेवला होतात ना?"

"कसला हात?" बाबा म्हणाले.

मधलं तिला आठवलं. ते तिथेच होतं, त्याच उंचीवर, शिव्यांना चिकटून: कपाळावर, ताई, कपाळावर, ऐकू येतंय का? ऐकू आलं होतं. दोघांचे डोळे तिच्यावर होते, आणि तिच्या तोंडात वाक्य तयार होतं, गोल, गुळगुळीत, कोणालाही न लागणारं: मी ठेवला होता रे, तुझ्या वतीने, बाबांना कुठलं भान होतं तेव्हा. एवढं म्हटलं की झालं. धाकटा बूट काढेल, बाबा खाली बसतील, ती चहा टाकेल. कोणीही मरणार नाही.

"नव्हता ठेवला," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलंच नाही."

धाकट्याने दाराच्या चौकटीला धरलं. बाबा ओरडतील म्हणून तिने अंग आवळून घेतलं, काचा किणकिणायची वाट बघितली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा हात काढला, समोर धरला, उताणा, पालथा, बराच वेळ बघत राहिले. मग दोन पावलं पुढे गेले, डाव्या गुडघ्यावर भार देत, तिला ओलांडून.

"ठेवला असता रे," ते धाकट्याला म्हणाले, हळू, मधे कोणी नसल्यासारखं.